स्टॅट-१ आणि एनएफ-कप्पा-बी: अँटीबॉडी पडताळणीच्या प्रकल्प नोंदी

४ जून

प्रश्न ठरला. मॅक्रोफेज पेशींना (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) आधी ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्यपटलातलं एलपीएस भेटलं आणि नंतर इंटरफेरॉन गॅमा हे पेशींना निरोप देणारं प्रथिन मिळालं, तर इंटरफेरॉनचा निरोप आत कितपत पोचतो?

निरोप पोचला हे कळायची खूण म्हणजे स्टॅट-१ प्रथिनाच्या ७०१ क्रमांकाच्या टायरोसीनवर लागलेलं फॉस्फेट. इंटरफेरॉन गॅमा ग्राहीला चिकटतं, जॅक-१ आणि जॅक-२ ही कायनेज (फॉस्फेट लावणारी एन्झाइम) कामाला लागतात, स्टॅट-१ ला फॉस्फेट लागतं, दोन स्टॅट-१ जोडीनं केंद्रकात जातात आणि जनुकं चालू करतात. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. एलपीएसचा रस्ता निराळा. त्याचा निरोप टीएलआर-४ या ग्राहीमार्फत आत शिरतो, जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बीला अडवून धरणारं आय-कप्पा-बी-अल्फा मोडलं जातं आणि एनएफ-कप्पा-बीचा पी-६५ हा घटक मोकळा होऊन केंद्रकात जातो.

म्हणजे बघायचं आहे ते असं: एकूण स्टॅट-१, फॉस्फो-स्टॅट-१ (म्हणजे फॉस्फेट लागलेलं रूप), आय-कप्पा-बी-अल्फा, एकूण आणि फॉस्फो पी-६५, आणि एलपीएसच्याच दुसऱ्या वाटेवरचं फॉस्फो-आयआरएफ-३. सॉक्स-१ ही यादीत घ्यायचा मोह होता, कारण इंटरफेरॉनच्या निरोपाला लगाम घालणाऱ्यांत त्याचं नाव आधी येतं. पण ते पेशीत थोडं असतं आणि लवकर मोडलं जातं. सध्या त्याचा आरएनएच मोजू.

प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगितलं की पहिला महिना मुख्य प्रयोगाला हात लावणार नाही, फक्त अँटीबॉडी तपासणार. त्या लगेच हो म्हणाल्या. पेशीला प्रश्न विचारण्याआधी, उत्तर सांगणारी अँटीबॉडी खरं बोलते का हे त्याच पेशीत आणि त्याच पद्धतीत बघितलं पाहिजे, हे त्यांचं जुनं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं.

६ जून

दिवसभर अँटीबॉडीची निवड.

एकूण स्टॅट-१ साठी बाजारात ढिगानं पर्याय आहेत. कॅटलॉगमधल्या चित्रांपेक्षा दोन गोष्टी नीट वाचल्या: अँटीबॉडी प्रथिनाच्या कुठल्या तुकड्यावर बसते आणि ती कशी बनवली आहे. स्टॅट-१ ची दोन रूपं असतात. अल्फा ७५० अमिनो आम्लांचं आणि बीटा ७१२ चं. बीटाला शेपटाकडची शेवटची ३८ नाहीत. प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर ती साधारण ९१ आणि ८४ किलोडाल्टनला पट्टे (बँड) म्हणून दिसतात. शेपटाच्या टोकावर बनवलेली अँटीबॉडी बीटाला कधीच पकडणार नाही. डोक्याकडची वापरली तर दोन्ही दिसतील. त्यामुळे एक बँड दिसला की दोन, हे आधी अँटीबॉडीवर ठरतं आणि मग पेशीवर. मला दोन्ही रूपं हवी आहेत, म्हणून डोक्याकडची मोनोक्लोनल (एकाच क्लोनची अँटीबॉडी) घेतली. तुलनेला शेपटाकडची दुसरी एक मोनोक्लोनल आणि प्रयोगशाळेत आधीपासून असलेली सशाची पॉलिक्लोनल (अनेक क्लोनच्या अँटीबॉडींचं मिश्रण).

फॉस्फोसाठी रिकॉम्बिनंट ससा-मोनोक्लोनल. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमाची (अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडण्याची) वाट दाखवली, १९८४ मध्ये त्यांना येर्न यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि एकाच क्लोनची अँटीबॉडी हवी तितकी बनवणं शक्य झालं. पण हायब्रिडोमा पेशीही काळानुसार बदलतात, काही अँटीबॉडी बनवायचं थांबवतात, काही दुसरीच साखळी जोडीला बनवतात. रिकॉम्बिनंटमध्ये जनुकाचा क्रम माहीत असतो, तोच पुन्हा पुन्हा वापरला जातो. २०२३ मध्ये ई-लाइफ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या पडताळणीत मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी जनुक काढलेल्या पेशींवर तपासल्या होत्या. त्यात रिकॉम्बिनंट सरस ठरल्या. निम्म्याहून जास्त अँटीबॉडी एका ना एका चाचणीत नापास झाल्या होत्या. ही आकडेवारी वाचल्यावर महिनाभराची तपासणी जास्त वाटत नाही.

११ जून

प्रयोगासाठीच्या टीएचपी-१ या मानवी पेशी चांगल्या वाढताहेत. या मोनोसाइट पेशी तरंगत वाढतात. पीएमए हे रसायन दिलं की बशीच्या तळाला चिकटून मॅक्रोफेजसारख्या होतात. पीएमए स्वतःच प्रोटीन कायनेज-सी जागं करतं आणि एनएफ-कप्पा-बीला हलवतं, म्हणून ते काढून टाकल्यावर पेशींना किमान एक दिवस शांत बसू द्यायचं. विश्रांती न देता केलेल्या प्रयोगात 'काहीच न दिलेली' लेनसुद्धा शांत नसते.

स्टॅट-१ चं जनुक क्रिस्परनं (जनुक कापायच्या तंत्रानं) काढलेली टीएचपी-१ ची एकल क्लोन आपल्याकडे आहे, हे मोठं भाग्य. तिच्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते: काप जनुकाच्या सुरुवातीला घेतला आहे का हे तपासलं. काप उशिरा असेल तर प्रथिनाचा डोक्याकडचा अर्धवट तुकडा पेशीत शिल्लक राहू शकतो आणि माझी डोक्याकडची अँटीबॉडी त्याला इमानदारीनं पकडेल. मग खालच्या उंचीवर नवा बँड दिसेल आणि दोष बिचाऱ्या अँटीबॉडीवर जाईल. इथे काप अँटीबॉडीच्या जागेच्या आधी आहे. ठीक.

दुपारी टायरोसीनवरची फॉस्फेटं वाचवणारं सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट तयार केलं. हे काम नव्या मुलांना नेहमी समोर उभं करून दाखवावं असं आहे. पावडर पाण्यात विरघळवली, पीएच १० वर आणला, द्रावण पिवळं झालं. पिवळा रंग म्हणजे व्हॅनाडेटचे अनेक रेणू एकमेकांना चिकटून बसलेत; त्या अवस्थेत ते टायरोसीन फॉस्फेटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला) रोखत नाही. उकळलं, रंग गेला. थंड केलं, पीएच परत मोजला, सरकला होता, परत १० वर आणला, पुन्हा पिवळसर झाक आली, पुन्हा उकळलं. थंड झाल्यावरही रंगहीन राहिलं आणि पीएच हलला नाही, तेव्हा छोट्या नळ्यांत भरून गोठवलं. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) याच्या जोडीला सेरीन-थ्रिओनीनवरची फॉस्फेटं वाचवायला सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. ईडीटीए आणि डीटीटी या बफरमध्ये घालायचं नाही, दोन्हींमुळे व्हॅनाडेट निकामी होतं.

१७ जून

एकूण स्टॅट-१ चा पहिला वेस्टर्न ब्लॉट: जेलवर वेगळी झालेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवायची (ट्रान्सफर) आणि तिथे अँटीबॉडीनं शोधायची. प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन, बीसीए पद्धतीनं मोजलेलं. लेन अशा: साध्या पेशी, स्टॅट-१ नसलेल्या पेशी, आणि दोन्हींना २४ तास इंटरफेरॉन गॅमा दिलेल्या. मेंब्रेनवर पॉन्सो रंग टाकून आधी पाहिलं, सगळ्या लेन सारख्या भरल्या आहेत आणि बुडबुड्याचा पांढरा डाग कुठे नाही.

डोक्याकडची मोनोक्लोनल: साध्या पेशींत दोन स्वच्छ बँड, ९१ आणि ८४ ला. इंटरफेरॉननंतर दोन्ही गडद, कारण स्टॅट-१ चं जनुक स्वतःच इंटरफेरॉनला साद देतं. जनुक काढलेल्या पेशींत त्या उंचीवर कोरं मेंब्रेन. डोळे निवले.

शेपटाकडची: फक्त ९१ चा बँड, अपेक्षेप्रमाणे.

पॉलिक्लोनल: ९० च्या आसपास ठसठशीत बँड, साध्या पेशींत. जनुक काढलेल्या पेशींतही, तितकाच. इंटरफेरॉन दिलं तरी जवळपास तसाच. म्हणजे हा बँड स्टॅट-१ चा नाही. त्याच वजनाचं दुसरंच कुठलं तरी प्रथिन आहे. खाली फिकट, खरा स्टॅट-१ ही दडलेला असेल, पण वरच्या गोंगाटात तो वेगळा काढता येत नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात एकच चित्र होतं: बाहेरून जनुक घालून स्टॅट-१ भरमसाट बनवायला लावलेल्या पेशी. तशा लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावणात) कुठलीही अँटीबॉडी देखणी दिसते. आपल्या पेशीत जेवढं प्रथिन निसर्गतः असतं तेवढ्यात ती काय दाखवते, हे त्या चित्रातून कळायला मार्गच नव्हता.

हा ब्लॉट जपून ठेवला आहे. 'बँड योग्य उंचीवर आहे' एवढ्यावर भरवसा ठेवला तर काय हातात येतं, हे यातून एका नजरेत दिसतं. रिकामी लेन शेजारी नसती तर ही पॉलिक्लोनल उत्तम ठरली असती.

१८ जून

पॉलिक्लोनलच्या नळीवर 'या पेशींत वेस्टर्नसाठी नको' अशी चिठ्ठी लावली. विक्रेत्याला ब्लॉट पाठवला. दुसऱ्या पद्धतीत ती चालेल की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे; कोणाला हवी असेल त्यानं तपासून घ्यावी.

२३ जून

फॉस्फो-स्टॅट-१. इथे जनुक काढलेली लेन आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. ती फक्त सांगते की बँड स्टॅट-१ चा आहे. तो फॉस्फेटमुळेच दिसतोय हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

लेन: काही न दिलेल्या; इंटरफेरॉन गॅमा ३० मिनिटं; आधी तासभर रुक्सोलिटिनिब (जॅक रोखणारं औषध) आणि मग इंटरफेरॉन; इंटरफेरॉन दिलेल्या पेशींचं लायसेट, त्यावर फॉस्फेट काढणारं लॅम्डा फॉस्फेटेज; तेच लायसेट, तितकाच वेळ ३० अंशांवर, पण एन्झाइमशिवाय. ही शेवटची लेन बरेचजण गाळतात. ती नसेल तर बँड एन्झाइमनं घालवला की नुसत्या उबेत प्रथिन खराब झालं, हे सांगता येत नाही. फॉस्फेटेजच्या लेनसाठी लायसेट वेगळं काढलं होतं, फॉस्फेटेज रोखणारी रसायनं न घालता. नाहीतर एन्झाइम घालून उपयोग काय.

निकाल नीटस आला. इंटरफेरॉनला बँड, रुक्सोलिटिनिबनं गेला, लॅम्डा फॉस्फेटेजनं गेला, एन्झाइमशिवायच्या लेनमध्ये टिकला. एकूण स्टॅट-१ सगळीकडे सारखा.

आणखी एक शंका मिटवायची होती. स्टॅट-३ मध्येही अशीच जागा आहे, टायरोसीन ७०५, आणि वजन ८८ किलोडाल्टन, म्हणजे जेलवर अगदी खेटून. फॉस्फो-स्टॅट-१ ची अँटीबॉडी फॉस्फो-स्टॅट-३ ला चिकटत असेल तर उंचीवरून ते ओळखू येणार नाही. म्हणून स्टॅट-१ नसलेल्या पेशींना आयएल-१० हे दुसरं निरोप देणारं प्रथिन दिलं. मॅक्रोफेजमध्ये ते स्टॅट-३ ला जोरात फॉस्फेट लावतं. फॉस्फो-स्टॅट-३ ची अँटीबॉडी लावली तर गडद बँड. त्याच लायसेटवर फॉस्फो-स्टॅट-१ ची लावली तर काही नाही. माझ्या पातळीकरणाला तरी ती स्टॅट-३ कडे वळत नाही. पातळीकरण १:१०००, पाच टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), चार अंशांवर रात्रभर. जास्त घट्ट वापरली तर हे उत्तर बदलू शकतं, म्हणून आकडा इथेच लिहून ठेवते.

३० जून

आय-कप्पा-बी-अल्फा. या प्रथिनाच्या बाबतीत उत्तर बँड नाहीसा होण्यात आहे, आणि म्हणून जबाबदारी दुप्पट. बँड नसण्याची कारणं पुष्कळ: प्रथिन मोडलं, लेन कमी भरली, ट्रान्सफर नीट झालं नाही, अँटीबॉडी तिथे पोचली नाही.

एलपीएस मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. शून्य, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटं. शून्याला ३९ किलोडाल्टनच्या आसपास दणदणीत बँड. पंधराला कमी, तिसाला जवळजवळ कोरं, साठला जेमतेम, एकशेवीसला पुन्हा भरलेला. हे परत येणं सुंदर आहे. एनएफ-कप्पा-बी केंद्रकात पोचल्यावर जी जनुकं चालू करतं त्यात आय-कप्पा-बी-अल्फाचंच जनुक असतं. म्हणजे सुटलेला घटक स्वतःच्याच पहारेकऱ्याला परत बोलावतो. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये बी पेशींच्या केंद्रकातल्या अर्कात कप्पा साखळीच्या जनुकाला चिकटणारा घटक म्हणून एनएफ-कप्पा-बी शोधला. नाव तिथलं, पण ते जवळपास प्रत्येक पेशीत निघालं.

पहारेकरी खरंच मोडला गेला का, यासाठी पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र म्हणजे प्रोटिअॅसोम रोखणारं एमजी-१३२ आधी देऊन तीस मिनिटांची लेन परत केली. बँड जागेवर राहिला, आणि सेरीन ३२ व ३६ वर फॉस्फेट लागलेलं रूप साठून दिसलं. एरवी ते रूप इतकं लवकर मोडतं की हाताला लागत नाही. म्हणजे तीस मिनिटांची कोरी जागा खरी.

पी-६५ चं सेरीन ५३६ त्याच लायसेटमध्ये पंधरा मिनिटांपासून दिसतं. एकूण पी-६५ हलत नाही.

३ जुलै

ब्लॉकिंगची (अँटीबॉडी मेंब्रेनला उगाच चिकटू नये म्हणून मोकळी जागा झाकण्याची) तुलना केली, दूध विरुद्ध बीएसए. फॉस्फो-अँटीबॉडीजना बीएसएमध्ये पार्श्वभूमी स्वच्छ. दुधातलं केसीन स्वतः फॉस्फेट बाळगणारं प्रथिन आहे, त्यामुळे हे अपेक्षितच. एकूण पी-६५ ला मात्र दूध जास्त मानवतं. सगळ्यांना एकच नियम लावायचा आग्रह सोडला. प्रत्येक अँटीबॉडीच्या पानावर तिचा बफर लिहिला. एचआरपी (बँड चमकवणारं एन्झाइम) लावलेल्या अँटीबॉडीच्या कुठल्याही द्रावणात सोडियम अझाइड नको, हे फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत.

८ जुलै

आज जे दिसलं त्यानं सगळी प्रयोगशाळा बाकाभोवती जमली.

एलपीएसच्या वेळापत्रकाचीच लायसेटं होती, पुढे चार तासांची जोडली. सहज म्हणून फॉस्फो-स्टॅट-१ लावला, नकारात्मक नियंत्रण म्हणून. तीस मिनिटांना कोरं. साठला कोरं. दोन तासांना फिकट. चार तासांना ठळक बँड, नेमका ९१ ला. पेशींना इंटरफेरॉन गॅमाचा थेंबही दिलेला नाही.

शेजारच्या बाकावरच्या सहकारीचं मत पडलं की अँटीबॉडी एलपीएसनं वाढलेल्या कुठल्या तरी दुसऱ्या प्रथिनाला चिकटते आहे. शंका रास्त आहे. पण २३ जूनच्या तपासण्या हातात असल्यानं मला दुसरी शक्यता जास्त वजनदार वाटते. टीएलआर-४ कडून दोन वाटा फुटतात. एक मायडी-८८ या प्रथिनाची, ती आय-कप्पा-बी-अल्फाकडे जाते. दुसरी ट्रिफ या प्रथिनाची, तिथून आयआरएफ-३ जागं होतं आणि पेशी टाइप-१ गटातलं इंटरफेरॉन बीटा बनवून बाहेर सोडते. ते इंटरफेरॉन त्याच पेशींच्या ग्राहीला येऊन चिकटलं तर स्टॅट-१ ला फॉस्फेट लागणारच, फक्त उशिरा. दोन तासांचा उशीर या गोष्टीत चपखल बसतो.

दोन्ही शक्यता वेगळ्या करता येतील असा आराखडा मॅडमसोबत बसून काढला.

१५ जुलै

आठवडाभराचं काम एकत्र लिहिते.

स्टॅट-१ नसलेल्या पेशींना चार तास एलपीएस: बँड नाही. म्हणजे दिसतो तो स्टॅट-१ च. दुसरं प्रथिन ही शक्यता इथेच मागे पडली.

साध्या पेशींना रुक्सोलिटिनिबसह एलपीएस: बँड नाही, आणि आय-कप्पा-बी-अल्फा तीस मिनिटांना नेहमीसारखंच मोडलं. म्हणजे औषधानं एलपीएसचा रस्ता बंद केला नव्हता, फक्त जॅकचा.

टाइप-१ इंटरफेरॉनच्या ग्राहीला झाकणारी अँटीबॉडी माध्यमात घालून एलपीएस: बँड जवळजवळ गेला. त्याच वर्गाची, काही न झाकणारी अँटीबॉडी घातलेल्या बशीत बँड शाबूत. इथे अँटीबॉडी शोधणारी नाही, अडवणारी आहे; तिचीही स्वतंत्र जोडी लागते.

फॉस्फो-आयआरएफ-३, सेरीन ३९६: तासाभरात दिसतो, स्टॅट-१ च्या फॉस्फेटच्या आधी. क्रम जुळला.

फॉस्फो-स्टॅट-२, टायरोसीन ६९०, ११३ किलोडाल्टन: एलपीएसच्या चार तासांना आहे, इंटरफेरॉन गॅमाच्या तीस मिनिटांना नाही. स्टॅट-२ ला बोलावणं टाइप-१ इंटरफेरॉनचं काम. माझ्या दृष्टीनं या सगळ्यातला सगळ्यात बोलका ब्लॉट हाच.

आणि शेवटचा, मॅडमनी सुचवलेला: चार तास एलपीएस घेतलेल्या पेशींचं माध्यम उचललं, त्यात पॉलिमिक्सिन-बी घालून उरलेलं एलपीएस बांधून टाकलं, आणि ते ताज्या पेशींवर घातलं. तीस मिनिटांत फॉस्फो-स्टॅट-१. एलपीएसला स्वतःला हे तीस मिनिटांत कधीच जमत नाही.

अँटीबॉडी पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती. तपासण्या आधी झालेल्या नसत्या तर हा बँड 'अविशिष्ट' म्हणून कापून चित्र छापलं गेलं असतं, अशी मला खात्री वाटते. आणि त्यासोबत पेशी आपापसात काय बोलतात तेही कापलं गेलं असतं.

मुख्य प्रश्नावर याचा थेट परिणाम आहे. एलपीएस घेतलेल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा येण्याआधीच इंटरफेरॉन बघून बसलेल्या असतात. म्हणून मुख्य प्रयोगात टाइप-१ इंटरफेरॉनचा ग्राही झाकलेली एक शाखा असलीच पाहिजे.

२२ जुलै

मोजमापाची हद्द. एकाच लायसेटचे अडीच, पाच, दहा, वीस आणि चाळीस मायक्रोग्रॅम लावले. फॉस्फो-स्टॅट-१ वीसपर्यंत सरळ रेषेत. सगळ्या लेन सारख्या भरल्या का हे दाखवायला वापरतात तो जीएपीडीएच (लोडिंग कंट्रोल) मात्र पाचलाच छताला टेकतो. त्यापुढे दुप्पट प्रथिन घातलं तरी बँड तेवढाच. ज्या प्रमाणावर आपण ब्लॉट करतो तिथे हे लोडिंग कंट्रोल कमी-जास्त काही सांगूच शकत नाही. शिवाय एलपीएसनं मॅक्रोफेजचं ग्लायकोलिसिस (साखर मोडण्याची वाट) बदलतं आणि जीएपीडीएच त्याच वाटेवरचं एन्झाइम. यापुढे संपूर्ण लेनच्या प्रथिनाचा रंग घेऊन त्यावर भागायचं.

फॉस्फो आणि एकूण एकाच मेंब्रेनवर, दोन रंगांच्या फ्लुओरोसंट सेकंडरीनं (पहिल्या अँटीबॉडीला पकडणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीनं): ससा एका रंगात, उंदीर दुसऱ्यात. मेंब्रेन धुऊन पुन्हा वापरायची भानगड संपली. धुताना प्रथिनही थोडं जातं आणि गेलं किती हे कोणी मोजत नाही.

३० जुलै

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणं; आलेखात पेशींचा ढीग जितका उजवीकडे, तितकी चमक जास्त. तोच फॉस्फो-स्टॅट-१ क्लोन, रंग जोडलेला. पेशी फॉर्माल्डिहाइडनं स्थिर करून मग थंड मिथेनॉल. नुसत्या सौम्य डिटर्जंटनं फॉस्फोची जागा नीट उघडी होत नाही. तीस मिनिटांच्या इंटरफेरॉनला ढीग उजवीकडे स्वच्छ सरकला, रुक्सोलिटिनिबनं परत आला.

चोवीस तासांच्या नमुन्यात मात्र सावध राहावं लागलं. इंटरफेरॉन गॅमामुळे पेशीवर सीडी-६४ वाढतो, आणि सीडी-६४ हा अँटीबॉडीची शेपटी पकडणाराच ग्राही. म्हणजे आपण दिलेल्या औषधानंच अँटीबॉडी उगाच चिकटण्याची जागा वाढवली. ग्राही आधी झाकल्यावरही स्टॅट-१ नसलेल्या पेशींचा ढीग थोडा उजवीकडे राहतो. तेवढं सरकणं वजा धरूनच साध्या पेशींचं वाचन करायचं. इथे नुसत्या आयसोटाइप कंट्रोलपेक्षा (त्याच वर्गाच्या, काही न शोधणाऱ्या अँटीबॉडीपेक्षा) जनुक काढलेल्या पेशीच जास्त विश्वासू.

१२ ऑगस्ट

आय-कप्पा-बी-अल्फाच्या अँटीबॉडीचा नवा लॉट (उत्पादनाची नवी खेप) आला. जुन्याचा शेवटचा हिस्सा यासाठीच राखला होता. तीच लायसेटं, दोन मेंब्रेन, शेजारी शेजारी. वेळापत्रक तंतोतंत तेच, सिग्नल थोडा कमी. पातळीकरण १:१००० वरून १:८०० केलं.

२६ ऑगस्ट

मुख्य प्रयोग. एलपीएस १८ तास, धुवून इंटरफेरॉन गॅमा ३० मिनिटं. जोडीला एलपीएस न दिलेल्या, टाइप-१ इंटरफेरॉनचा ग्राही झाकलेल्या, आणि स्टॅट-१ नसलेल्या पेशी. तीन वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर.

कच्चा फॉस्फो बँड पाहिला तर एलपीएस घेतलेल्या आणि न घेतलेल्या पेशींत फरक किरकोळ. एकूण स्टॅट-१ मात्र एलपीएसनंतर बराच वाढलेला, त्या मधल्या इंटरफेरॉन बीटामुळे. फॉस्फोला एकूणनं भागलं की उत्तर उलटतं: प्रत्येक स्टॅट-१ मागे लागलेलं फॉस्फेट स्पष्ट कमी. ग्राही झाकलेल्या शाखेत एकूण स्टॅट-१ वाढत नाही, आणि तिथे कच्चा फॉस्फो बँडच कमी दिसतो, भागाकाराची गरजच पडत नाही.

यावर मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. फॉस्फो भागिले एकूण हा आकडा सवयीनं सगळे छापतात, पण भाजकच हलत असेल तर एकटं ते गुणोत्तर अर्धी गोष्ट सांगतं. केंद्रकात जाऊन डीएनएवर बसणारे रेणू किती, हे कच्चा बँड सांगतो. जॅककडून स्टॅट-१ पर्यंतचा रस्ता किती मोकळा, हे गुणोत्तर सांगतं. दोन्ही आकृतीत ठेवायचे, तिन्ही शाखांसह, असं ठरलं. मला स्वतःला ग्राही झाकलेली शाखा सगळ्यात जास्त पटते.

२ सप्टेंबर

अहवालाचं परिशिष्ट लिहिलं. प्रत्येक अँटीबॉडीसाठी: क्लोन, आरआरआयडी (अँटीबॉडीचा ओळख क्रमांक), लॉट क्रमांक, पातळीकरण, बफर, कुठल्या पेशींत आणि कुठल्या पद्धतीत तपासली, कुठे तपासली नाही. सर्व ब्लॉट न कापता, वजनाच्या शिडीसकट. पॉलिक्लोनलचा १७ जूनचा ब्लॉटही त्यात आहे. पुढच्याला तीच अँटीबॉडी विकत घ्यायची वेळ आली तर कामाला येईल.

विक्रेत्याचं उत्तर आलं, दुसरी नळी पाठवताहेत. तीही त्याच चार लेनवर लावू.

पुढे सीआयआयटीए या जनुकाच्या आरएनएचं मोजमाप. इंटरफेरॉन बीटानं ते फारसं हलत नाही आणि इंटरफेरॉन गॅमानं जोरात चढतं, त्यामुळे कमी झालेल्या फॉस्फेटचा केंद्रकात काही परिणाम होतो का हे तिथे कळेल. नमुने २६ तारखेच्याच बशांमधून बाजूला काढून ठेवले आहेत, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, दुसऱ्या खणात, निळ्या झाकणाच्या नळ्या.